थ्रॉटल बॉडी साफ केली, तरी महिन्याभरात गाडी पुन्हा सिग्नलला बंद का पडते?

नागपुरात ही तक्रार एप्रिल संपता संपता सुरू होते. गाडी वर्धा रोडवर मस्त पळते, पिकअप ठीक, आवाज ठीक. पण व्हरायटी चौकात किंवा शंकरनगरला सिग्नलवर क्लच दाबून थांबलं की आरपीएमचा काटा खाली घसरतो, स्टिअरिंग थरथरतं, आणि तेवढ्यात एसीचा कंप्रेसर लागला की गाडी बंद. मागून हॉर्नचा गजर. गॅरेजवाला सांगतो, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, घाण झाली आहे, साफ करून देतो. साफ होते, गाडी लोण्यासारखी चालते, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पुन्हा तेच. आमच्या कॉलनीतले एक काका वैतागून म्हणाले, "आता दर महिन्याले हेच करत राहू का मी?"

थ्रॉटल बॉडी घरी साफ करता येते, त्यात मोठी कला नाही. कशी करायची ते पुढे लिहिलंच आहे. पण जी महिन्याभरात पुन्हा काळी होते, तिला कुठून तरी घाणीचा पुरवठा चालू असतो. तो सापडल्याशिवाय स्प्रेचे डबे संपवण्यात अर्थ नाही. धडधाकट पेट्रोल इंजिनात एकदा नीट साफ केलेल्या थ्रॉटल बॉडीकडे कित्येक हजार किलोमीटर बघावं लागत नाही.

दोष थ्रॉटलचाच आहे ना?

एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेला जाड रबरी पाईप इंजिनच्या मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांना) जिथे मिळतो, तिथे ॲल्युमिनियमची एक आखूड नळी असते. तिच्या आत दांड्यावर फिरणारं गोल पातं असतं, मेकॅनिक त्याला बटरफ्लाय म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला की पातं उघडतं. पाय काढला की ते जवळपास मिटतं, आणि काठाशी उरलेल्या बारीक फटीतून जाणाऱ्या हवेवर इंजिन तग धरतं. केबलच्या जुन्या गाड्यांत त्यासाठी बाजूने एक छोटी वाटही काढलेली असते. गाळ बसतो तो नेमका याच काठावर आणि याच वाटेत.

हायवेला पातं बऱ्यापैकी उघडं असतं, तेव्हा काठावरच्या गाळाने काही अडत नाही. म्हणून गाडी बुटीबोरीपर्यंत कुरकुर न करता जाते आणि परतताना छत्रपती चौकात मान टाकते. शिवाय गाळ साचत जाईल तसं इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पातं किंचित जास्त उघडून भरपाई करत राहतो. त्यामुळे कित्येक महिने काहीच कळत नाही. भरपाईची हद्द संपली की दोष एकदम अंगावर येतो, आणि आपला उन्हाळा ती हद्द लवकर गाठून देतो. एसीचा बोजा, रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नसल्याने अल्टरनेटरवर पडणारा भार, आणि वर तापलेली विरळ हवा, जी त्याच फटीतून गेली तरी वजनाने कमी भरते. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. जानेवारीत न जाणवलेली घाण अशा हवेत जाणवणारच.

खात्री करायची साधी रीत अशी. गाडी पूर्ण गरम होऊ द्या आणि न्यूट्रलमध्ये उभी ठेवा. ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबून काटा १२०० ते १५०० च्या दरम्यान धरा. तिथे इंजिन शांत फिरतं आणि पाय काढल्यावरच गडबडतं, तर प्रश्न आयडलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन फिरतं तेव्हाच्या, हवेचा आहे. १५०० वरही मिसिंग मारत असेल, चढावर झटके देत असेल, तर आधी प्लग, कॉइल आणि पेट्रोलचा दाब बघा, थ्रॉटलला हात लावू नका. चालताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं, आणि त्या भागाची किंमत ऐकून घाम फुटतो.

सीएनजीवाल्यांना तर आयती तपासणी हाताशी आहे. स्विच दाबून पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर आयडल ठीक आणि गॅसवरच बंद पडत असेल तर थ्रॉटल निर्दोष आहे. रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर तपासा. दोन्हींवर तीच रड असेल तर हवेचा मार्ग तपासायचा, कारण तो दोघांना एकच आहे.

स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळच्या सॉकेटला लावायचं ब्लूटूथवालं छोटं ओबीडी यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड मोबाईलवर दाखवतं. एखाद्याने घेतलं तर सगळी कॉलनी वापरते. पी०५०६ म्हणजे आयडल हवं त्यापेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पी२१३५ आला तर थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचं आपसात जमत नाही, आणि तो दोष फडक्याने पुसून जाणारा नाही. मात्र कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून लगेच तो बदलायची घाईही नको. सेन्सर बिघडतो हे खरं: मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले होते, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. उलटही होतं: सेन्सर खरं बोलत असतो, गोंधळ दुसरीकडे असतो. आधी प्लग आणि वायरी बघायच्या, मग खर्च करायचा.

काळं येतं कुठून

बहुतेकांना वाटतं पेट्रोल खराब म्हणून थ्रॉटल काळी होते. हल्ली इथेनॉलच्या नावानेही बोटं मोडली जातात. पण आपल्याकडच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत पेट्रोल थ्रॉटलमधून जातच नाही. इंजेक्टर त्याच्या पुढे, थेट इंजिनच्या तोंडाशी बसवलेले असतात. थ्रॉटलमधून जाते ती फक्त हवा. म्हणूनच टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीने थ्रॉटल साफ होत नाही, लेबलवर काहीही छापलेलं असो. ते औषध तिथपर्यंत पोचतच नाही.

काळं येतं ते इंजिन ऑईलच्या वाफांमधून. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा जळका वायू खाली ऑईलच्या भागात उतरतो. तो बाहेर सोडायला बंदी आहे, म्हणून तो पुन्हा इंजिनलाच पाजतात. एक वाट पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे हा वायू मापात सोडणाऱ्या झडपेतून, मॅनिफोल्डला जाते. दुसरी, ब्रीदरची नळी, एअर फिल्टरनंतरच्या पाईपला जोडलेली असते. एरवी त्या नळीतून ताजी हवा इंजिनात उतरते. इंजिनवर ताण आला, किंवा पीसीव्ही तुंबला, की तीच नळी उलटी वाहते आणि तेलकट वाफ सरळ थ्रॉटलच्या तोंडावर येते. त्यावर बारीक धूळ चिकटली, खालून उष्णता मिळाली, की तव्याच्या कडेला साठते तशी राप तयार होते.

सामान, आणि काय वापरू नये

डब्यावर 'थ्रॉटल बॉडी क्लीनर' असं स्पष्ट लिहिलेला स्प्रे घ्या. कार्बोरेटर क्लीनर स्वस्त पडतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. तो जास्त जहाल असतो, आणि काही थ्रॉटल बॉडींना पात्याच्या काठाशी कारखान्यातूनच लेप दिलेला असतो, तो खरवडून नेतो. ती करडी, गुळगुळीत, सगळीकडे सारख्या रुंदीची पट्टी दिसली तर घाण समजून घासत बसू नका. घाण कधी इतकी सारखी नसते. ब्रेक क्लीनर, थिनर, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काही नको. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबाही नको. तो मागे तेलाचा पातळ थर सोडतो, आणि त्यावर पुढची धूळ आनंदाने बसते.

बाकी सामान घरातलं: सूत न सुटणारी दोन-तीन मऊ फडकी, जुना मऊ टूथब्रश, चार तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, बॅटरीच्या टर्मिनलसाठी बहुधा दहा नंबरचा पाना, टॉर्च, रबरी हातमोजे आणि चष्मा. चष्मा टाळू नका. स्प्रेची लाल नळी दाबासरशी सुटून उडते आणि द्रव उलटा तोंडावर येतो. डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ सोडायची आणि दवाखाना गाठायचा.

स्प्रे ज्वलनशील असतो, हे नागपुरात जरा जास्तच लक्षात ठेवायला हवं. अशा डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत तेवढं तापमान सहज ओलांडलं जातं. म्हणजे दुकानातून आणलेला डबा डिकीत विसरायचा नाही, आणि उरलेलाही गाडीत ठेवायचा नाही. घरात सावलीत, स्वयंपाकघरापासून लांब, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

काम सकाळी सहा-सातला करा. रात्रभर थंड झालेलं इंजिन मिळतं आणि उजेडही असतो. अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा शटर पाडून नको, वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. जवळपास विडी, उदबत्ती, गॅसची शेगडी काही नको. गरम एक्झॉस्टवर स्प्रे उडाला तर ठिणगीचीही वाट बघत नाही.

प्रत्यक्ष साफसफाई

चावी काढून खिशात घाला. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. पुश बटणाची गाडी असेल तर चावी घरातच ठेवा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही फिरायला लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं पातं वीज मिळताच हलतं. पंखा काय, पातं काय, दोन्हींमुळे बोट जाऊ शकतं. घड्याळ, रेडिओ आणि काचांची आपोआप वर-खाली होण्याची सेटिंग नंतर पुन्हा करावी लागेल, तेवढं सोसायचं.

पाईप सोडायच्या आधी क्लॅम्पच्या आजूबाजूची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. ही पायरी सगळे गाळतात, आणि बाहेरची माती थेट मॅनिफोल्डमध्ये पडते. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. पाईपला सेन्सर असेल तर त्याचं कनेक्टर लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. जुन्या गाडीत उष्णतेने प्लास्टिक इतकं ठिसूळ होतं की लॉकची जीभ हातात येते. क्लॅम्प सैल करा, ब्रीदरची नळी काढा, पाईप हळू पिळत मागे घ्या.

आता लगेच स्प्रे मारू नका. टॉर्च लावून दोन मिनिटं नुसतं बघा. पुढच्या सगळ्या शोधाचा पुरावा इथेच आहे आणि स्प्रे मारला की तो वाहून जातो. नळीला हलका तपकिरी, कोरडा थर असेल तर ती वयाची खूण आहे. पात्याच्या काठाभोवती काळं, जाडसर वलय असेल तर तक्रारीचं कारण सापडलं. तळाशी ओलं तेल साठलं असेल किंवा पाईपच्या आत बोट फिरवल्यावर चिकट लागत असेल, तर ब्रीदरकडून तेल येतंय. आणि बोटाला कोरडी पिठूळ धूळ लागली तर फिल्टरमधून किंवा त्याच्या डब्यातून हवा चोरवाटेने येते आहे. त्या धुळीने नुसती थ्रॉटलच खराब होत नाही, पिस्टन आणि सिलिंडरही घासले जातात.

स्प्रे फडक्यावर मारा, नळीत नाही. फडकं आतल्या भिंतीवरून फिरवा, मग पात्याच्या पुढच्या बाजूवरून, शेवटी काठावरून. पहिलं फडकं काळं-तपकिरी निघेल, दुसरं कमी, तिसरं जवळजवळ कोरं. कोपऱ्यात अडलं तर टूथब्रश. पात्याचा दांडा नळीच्या भिंतीत जिथे शिरतो त्या दोन जागांवर फवारा मारू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि द्रव झिरपून सेन्सर-मोटरपर्यंत पोचतो. चालू इंजिनवर फवारा मारून रेस देण्याची काही गॅरेजांतली पद्धत झटपट दिसते. इंजिनने उलटी आग फेकली तर ती तुमच्या तोंडावर येते, त्यामुळे घरी तो प्रयोग नको.

केबलची गाडी असेल तर केबल जिथे जोडली आहे ती चाकती हाताने फिरवून पातं उघडता येतं, आणि मागची बाजूही पुसता येते. तिथल्या छोट्या स्टॉप स्क्रूला मात्र पाना लावू नका. आयडल कमी झालं म्हणून तो पिळणारे हात पुढच्या मेकॅनिकला जास्त काम देतात. बाजूचा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काढलात तर फक्त टोक आणि त्याची वाट फडक्याने पुसा. मोटर द्रवात बुडवायची नाही, आतला दांडा दाबायचा किंवा ओढायचा नाही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं पातं बोटाने ढकलू नका, इथे माझं मत ठाम आहे. आत छोटी दातेरी चाकं असतात, बऱ्याचदा प्लास्टिकची. ढकलल्याने काही झालं नाही असं सांगणारे भेटतील. ज्यांचं झालं ते नवी थ्रॉटल बॉडी घेऊन गप्प बसलेले असतात. वीज नसताना हे पातं पूर्ण मिटत नाही, किंचित उघडं राहतं. त्यामुळे पुढून जेवढा काठ हाती लागतो तेवढा पुसला तरी आयडलची तक्रार बहुधा जाते. मागची बाजू फारच राप धरून असेल तर बॉडी उतरवावी लागते, तेव्हा गॅस्केट नवं लागतं. बऱ्याच गाड्यांत तिला कूलंटच्या नळ्याही जोडलेल्या असतात. ते काम मेकॅनिककडे द्या, उगाच हिरोगिरी नको.

पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवून वाळू द्या. पाईप बसवताना त्याची खाच बरोबर बसली का, क्लॅम्प ओठाच्या मागे आहे का, ब्रीदरची नळी पूर्ण चढली का, हे टॉर्चने बघा. क्लॅम्प घट्ट हवा, पण प्लास्टिकच्या नळीचा चेंदा होईल इतका नको.

गाडी सुरू केली आणि रेस वाढलेली?

हे होतंच, घाबरू नका. गाळ असताना ईसीयूने पातं जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. गाळ गेला, सवय तशीच आहे, म्हणून हवा जास्त जाते. बॅटरी सोडल्याने बऱ्याच गाड्यांत ती सवय पुसली जाते आणि गाडी नव्याने शिकते. शिकवायची पद्धत गाडीनुसार वेगळी असते. सगळ्यांत आधी मॅन्युअल बघा. बहुतेक ठिकाणी चालणारी रीत अशी: एसी, दिवे, म्युझिक बंद. चावी ऑन करा पण इंजिन सुरू करू नका, अर्धा मिनिट थांबा, ऑफ करा, पुन्हा थोडं थांबा. मग ॲक्सिलरेटरला पाय न लावता सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत आयडलवर सोडा. त्यानंतर काही मिनिटं एसी लावून तशीच. शेवटी रिंगरोडला एक चक्कर, ज्यात थांबणं-निघणं दोन्ही होईल.

काही गाड्या हे आपापलं शिकत नाहीत, स्कॅनर जोडून थ्रॉटल अडॅप्टेशन करावंच लागतं. दोन दिवस चालवूनही काटा हजाराच्या वर अडकला असेल तर आधी पाईपची जोडणी पुन्हा बघा, मग स्कॅनरवाल्याकडे जा. गरम झालेल्या लहान पेट्रोल गाडीचं आयडल साधारण ७०० ते ९०० मध्ये असतं, एसी लागला की थोडं वर.

आणि तरी महिन्याभरात परत आलं तर

आता त्या काकांच्या गाडीकडे येऊ. जुनी पेट्रोल हॅचबॅक, वापर जेमतेम धरमपेठ ते इतवारी. पाईप काढला तर आत तेलाचा ओला पट्टा, ब्रीदरच्या तोंडापासून थेट थ्रॉटलपर्यंत उतरलेला. डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. सर्व्हिसिंगला कुणीतरी मापात न भरता हात सैल सोडला होता. ऑईल जास्त झालं की क्रॅंकशाफ्ट (इंजिनच्या तळाशी फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळतो, वाफ आणि तुषार वाढतात, आणि ब्रीदरवाटे सगळं थ्रॉटलकडे. जास्तीचं ऑईल काढलं, पाईप आतून पुसला, थ्रॉटल साफ केली, आणि तक्रार थांबली. प्रत्येक वेळी थ्रॉटलच साफ होत होती. डिपस्टिककडे कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून पहिली नजर डिपस्टिकवर, आणि तीही गाडी सपाट जागी काही मिनिटं थांबल्यावर. दुसरी पीसीव्ही व्हॉल्व्हवर. इंजिन आयडलला असताना तो कव्हरमधून अलगद काढून तोंडावर अंगठा ठेवला तर ओढ जाणवायला हवी. बंद गाडीत हलवल्यावर बऱ्याच व्हॉल्व्हांमधून खुळखुळ आवाज येतो, चिकटून बसलेला गप्प असतो. तो महाग नसतो, आणि कित्येक ठिकाणी गाडीच्या आयुष्यात एकदाही बदललेला नसतो. नवीन गाड्यांत तो व्हॉल्व्ह कव्हरमध्येच घडवलेला असतो, तिथे ओढाताण करू नका.

ऑईलची पातळी बरोबर, पीसीव्ही ठीक, आणि तरी ब्रीदरमधून भकाभका वाफ येते, गाडी ऑईलही पिते, तर रिंगा झिजल्या आहेत. मग थ्रॉटल साफ करत राहणं हा दिलासा आहे, इलाज नाही. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का याची तपासणी) करून घ्या आणि गाडीत किती पैसे घालायचे ते ठरवा.

धूळ सापडली असेल तर फिल्टरचा डबा उघडा. आपल्याकडे सिमेंटच्या रस्त्यांची, मेट्रो-उड्डाणपुलांच्या कामांची बारीक धूळ वर्षानुवर्षं हवेत आहे. फिल्टरची मळकी बाजू कितीही काळी असू दे, तिचं कामच ते आहे. स्वच्छ बाजूला बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर डब्याची एखादी क्लिप बसलेली नाही, रबराची कड दुमडली आहे, किंवा फिल्टरचा कागद फाटला आहे. पेट्रोल पंपावर हवेचा पाईप घेऊन फिल्टर फुंकून घेण्याची हौस असणाऱ्यांचे फिल्टर असेच फाटतात. फुंकायचाच असेल तर कमी दाबाने, लांबून आणि आतून बाहेर. मी म्हणेन, उन्हाळ्यानंतर नवा टाका. नव्या फिल्टरच्या पैशात स्प्रेचा एक डबा येतो, आणि दोघांपैकी फिल्टरच जास्त कामाचा.

काठ स्वच्छ आहे, तरीही आयडल वर-खाली नाचतं? मग कुठून तरी न मोजलेली हवा शिरते आहे. थ्रॉटलनंतरच्या बारीक रबरी नळ्या उन्हाने कडक होऊन टोकांशी तडकतात. वरून दिसत नाही, वाकवलं की चीर उघडते. ब्रेक बूस्टरची जाड नळी विसरू नका: ब्रेक दाबल्यावर आयडल बदलत असेल आणि पेडल कडक लागत असेल तर संशय तिच्यावर. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत अशा गळतीने पी०१७१ येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या एमएपीवाल्या छोट्या गाड्यांत कोड न येता नुसतं आयडल वाढलेलं राहू शकतं. गळती शोधायला चालू इंजिनवर स्प्रे मारून आवाज बदलतो का बघायची जुनी युक्ती आगीशी खेळ आहे. गॅरेजमध्ये धूर सोडून शोधायचं यंत्र असतं, त्याला पैसे द्या.

जवळच्या फेऱ्याही कारण असतात. रोज दोन-तीन किलोमीटर चालून बंद होणाऱ्या इंजिनात ओलावा आणि कच्चं पेट्रोल ऑईलमध्ये मिसळत राहतं, वाफा जास्त घाण होतात. अशा गाडीने किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता मुदत झाली की ऑईल बदलायला हवं, आणि आठवड्यातून एकदा तरी हायवेला नेऊन आणावी.

हे सगळं तपासून झालं आणि चेक इंजिनचा दिवा थ्रॉटलच्या कोडसह परत येतो, किंवा गाडी एकाएकी पिकअप सोडून रांगायला लागते, तर बहुधा आतली मोटर किंवा सेन्सर गेला आहे. तिथे फडकं खाली ठेवा. फक्त नवी थ्रॉटल बॉडी घेण्याआधी कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का आणि बॅटरीची अर्थिंगची वायर नीट घट्ट आहे का, एवढं मेकॅनिकला तुमच्यासमोर बघायला लावा.

सर्व्हिसिंगच्या बिलावर दरवेळी 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग'ची ओळ येत असेल तर तीही तपासा. आयडल स्थिर असेल, कोड नसेल, तर ती करून घ्यायची गरज नाही. सरळ सांगा की पाईप काढून दाखवा, काळं वलय असेल तरच करा. दाखवायला तयार नसतील तर ती ओळ खोडायला सांगा.

डिझेलवाल्यांनी यातलं काहीही जसंच्या तसं उचलू नये. डिझेल इंजिनाचा वेग पेट्रोलसारखा हवा अडवून ठरत नाही. तिथे असलंच तर थ्रॉटलचं काम बहुतेक ईजीआरला (थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेला) मदत करणं आणि इंजिन धक्का न देता बंद करणं एवढंच असतं. त्यांच्या आयडलच्या तक्रारीत आधी डिझेलचा फिल्टर, मग इंजेक्टर आणि ईजीआर.